वार्धक्यातला आघातोत्तर ताण (पीटीएसडी) आणि मानसोपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

## झोप नाही, चिडचिड, दचकणं: हे वयोमानच ना? पीटीएसडी आहे हे कसं ओळखायचं?

वयोमानाने झोप कमी होते, सावध होते. पण रोज पहाटे त्याच वेळी घाम फुटून जाग येणं, जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे क्षणभर न कळणं, ट्रक गेला तरी दाराकडे धाव घेणं, हे वयोमान नव्हे.

निदानासाठी चार गोष्टी पाहतात. जिवावर बेतलेला प्रसंग नको असताना डोळ्यांसमोर किंवा स्वप्नात येणं. त्याची आठवण करून देणारी जागा, माणसं, विषय टाळणं. स्वतःबद्दल आणि जगाबद्दलचं मत काळवंडणं, मन बधिर होणं. आणि शरीर सतत पहाऱ्यावर असणं. चारही गोष्टी महिन्याहून जास्त टिकल्या आणि रोजचं जगणं अडवू लागल्या, की पीटीएसडीचा विचार करायचा.

ज्येष्ठांच्या बाबतीत घोळ होतो तो भाषेचा. 'मला भीती वाटते' असं सत्तरीतला माणूस क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, डोकं भणभणतं. मग ईसीजी काढतात, तो नॉर्मल येतो, पित्ताची गोळी मिळते, झोपेची गोळी मिळते आणि विषय तिथेच संपतो. पीटीएसडी हे नाव अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत आलंच १९८० साली. १९६१चा पानशेतचा पूर, १९६७चा कोयनेचा भूकंप, १९६५ आणि १९७१ची युद्धं ज्यांनी भोगली त्यांच्या त्रासाला तेव्हा नावच नव्हतं.

म्हणून प्रश्न नेमका विचारावा. 'काही टेन्शन आहे का?' या प्रश्नाला 'नाही' हेच उत्तर येतं. त्यापेक्षा 'असं काही घडलंय का, की जे आजही अचानक समोर उभं राहतं?' असं विचारून गप्प बसावं. उत्तर यायला वेळ लागतो.

चाचणीसाठी 'पीसीएल-५' ही २० प्रश्नांची यादी वापरतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ४ गुण, एकूण ८०. साधारण ३१ ते ३३च्या पुढे गुण गेले तर सविस्तर मुलाखत हवी. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. ज्येष्ठांना कागद हातात न देता प्रश्न वाचून दाखवावेत. चष्मा विसरल्यामुळे अंदाजाने टिकमार्क करणारे बरेच असतात.

## चाळीस वर्षं ठणठणीत होते, मग आताच कसं उफाळलं?

बहुतेक वेळा ते ठणठणीत नव्हते, कामात होते. शेत, नोकरी, मुलांची शिक्षणं, लग्नं यांत मन गुंतलेलं असतं तोवर आठवणीला फट मिळत नाही. निवृत्ती आली, जोडीदार गेला, मुलं परगावी गेली, गुडघ्यांमुळे बाहेर पडणं थांबलं, की ती फट मिळते. एखादं मोठं आजारपण किंवा इस्पितळातला मुक्काम हेही निमित्त ठरतं, कारण अगतिकता तीच असते. आयसीयू, हृदयविकाराचा झटका, घरात पडून तासन्‌तास तसंच राहणं, यांतून नवाच पीटीएसडीही होऊ शकतो.

एक खास आपल्याकडची गोष्ट लक्षात ठेवावी. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनानंतर लोक झोपले असताना झाला. तिथल्या माणसाला वर्षदिन दोनदा येतो: एकदा तारखेने, एकदा तिथीने. मिरवणुकीचे ढोल वाजू लागले की झोप उडते आणि घरचे कॅलेंडरमध्ये ३० तारीख शोधत बसतात. त्रास कधी वाढतो याची नोंद ठेवताना दोन्ही पाहावं.

## हा स्मृतिभ्रंश किंवा दुसरा काही आजार तर नसेल?

असू शकतो, आणि मानसोपचार सुरू करण्याआधी ते तपासणं अपरिहार्य आहे. गोंधळ एक-दोन दिवसांत अचानक सुरू झाला, संध्याकाळी वाढला, माणूस कधी शुद्धीत तर कधी भलतंच बोलू लागला, तर तो डेलिरियम असतो. लघवीचा संसर्ग, सोडियम कमी होणं, नवं औषध अशी कारणं शोधून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. ते मानसोपचाराचं काम नाही.

दुसरी नेहमीची चूक स्वप्नांबद्दलची. झोपेत लाथा मारणं, ओरडणं, पलंगावरून उडी टाकणं हे दुःस्वप्नामुळे होऊ शकतं. पण उतारवयात नव्याने सुरू झालं असेल तर ते 'आरईएम (स्वप्नं पडतात त्या) झोपेतला वर्तनविकार' असण्याची शक्यता असते, आणि तो पार्किन्सनसारख्या आजारांची आगाऊ खूण ठरू शकतो. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. मोठ्याने घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करावी. नुसत्या त्या उपचारानेही दुःस्वप्नं कमी झालेली दिसतात.

थायरॉइड, बी-१२, सोडियम, साखर, ऐकण्याची तपासणी आणि स्मरणशक्तीची छोटी चाचणी एवढं तरी झालेलं असावं. ऐकू न येणारा माणूस 'लक्षच देत नाही' म्हणून बदनाम होतो.

## या वयात जुन्या खपल्या काढून काय मिळणार? झालं गेलं गंगेला मिळालं ना?

गंगेला मिळालं असतं तर पहाटे चारला जाग आली नसती. हा प्रश्न घरच्यांपेक्षा डॉक्टरच जास्त विचारतात, आणि त्यामुळे ज्येष्ठांना गोळ्या आणि दिलासा एवढंच मिळतं.

वय हे आघातकेंद्री मानसोपचार, म्हणजे मूळ प्रसंगावरच काम करणारे उपचार, नाकारण्याचं कारण नाही. ज्येष्ठांवर झालेले अभ्यास तरुणांच्या मानाने कमी आहेत, पण जे आहेत ते हे उपचार सुरक्षित आणि उपयोगी असल्याचंच सांगतात. अतिरंजित आशाही नको. अमेरिकेत ज्येष्ठ माजी सैनिकांवर झालेल्या एका चाचणीत प्रदीर्घ एक्स्पोजर थेरपीने (टाळलेल्या आठवणींना आणि गोष्टींना टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याची पद्धत) उपचारांच्या शेवटी शिथिलीकरणापेक्षा जास्त उतार पडला, पण काही महिन्यांनी दोन्ही गटांतला फरक टिकला नाही. म्हणजे उपचार संपले की सरावही संपला असं करून चालत नाही; अधूनमधून उजळणीची सत्रं ठेवावी लागतात.

आठवण पुसायची नसते. ती 'आत्ता घडतंय' या खणातून 'तेव्हा घडलं होतं' या खणात हलवायची असते.

## प्रत्यक्ष सत्रात काय करतात?

प्रदीर्घ एक्स्पोजर थेरपीचं उदाहरण घेऊ. ही पद्धत एडना फोआ यांनी विकसित केली. साधारण ८ ते १५ सत्रं, आठवड्याला एक किंवा दोन, मूळ रचनेत प्रत्येकी ९० मिनिटं.

समजा, किल्लारी परिसरातल्या बहात्तर वर्षांच्या आजी आहेत. दगडमातीच्या घराच्या ढिगाऱ्यातून त्या निघाल्या, घरातली दोन माणसं गेली. आज मुलाच्या स्लॅबच्या घरात राहतात, पण रात्री पडवीत, चपला पायाशी ठेवून झोपतात. थंडीतसुद्धा.

पहिल्या दोन सत्रांत माहिती, चाचण्या आणि उपचारामागचं कारण समजावणं: टाळल्याने लगेच बरं वाटतं, म्हणूनच भीती टिकते. मग श्वासाचा एक साधा सराव. त्यानंतर ताणाची मोजपट्टी ठरते. पुस्तकात ० ते १०० सांगितलंय. आजींना 'पंचावन्न की साठ?' हा प्रश्न निरर्थक वाटतो. चार आणे, आठ आणे, बारा आणे, रुपया असं विचारलं की उत्तर पटकन आणि नेमकं येतं.

टाळलेल्या गोष्टींची उतरंड अशी बनते: दुपारी दार उघडं ठेवून आतल्या खोलीत बसणं (चार आणे), दार लोटून बसणं (सहा आणे), दुपारी आत आडवं होणं (आठ आणे), रात्री आत झोपणं, सून शेजारी (बारा आणे), एकटीने, दाराला कडी लावून (रुपया). चार-सहा आण्यांपासून सुरुवात करायची. रोज ३० ते ४५ मिनिटं, किंवा ताण निम्म्यावर येईपर्यंत. सहा आण्याला पोचताच उठून बाहेर येणं ही सगळ्यात महागडी चूक, कारण 'बाहेर आले म्हणून वाचले' हाच धडा पुन्हा पक्का होतो. उतरंडीत खरी जोखीम असलेली गोष्ट कधीही घालायची नाही. घराच्या भिंतीला खरोखर तडा असेल तर आधी अभियंता, मग एक्स्पोजर.

तिसऱ्या-चौथ्या सत्रापासून आठवणीचं काम. डोळे मिटून (चक्कर येत असेल तर उघडे ठेवून) तो प्रसंग वर्तमानकाळात सांगायचा: 'मी झोपलेय. जमीन गुरगुरतेय. तोंडात माती गेलीये.' ३० ते ४५ मिनिटं, एकच प्रसंग, पुन्हा पुन्हा. दर पाच मिनिटांनी मोजपट्टी विचारायची. नंतर १५-२० मिनिटं त्यातून काय उमगलं यावर बोलणं. बहुतेक वेळा बदल इथेच दिसतो. 'मी हाक मारली असती तर तो वाचला असता' असं तीस वर्षं मानणाऱ्या बाईला सहाव्यांदा सांगताना आठवतं की तोंडात माती होती, हाक मारता येणंच शक्य नव्हतं.

सत्राचं रेकॉर्डिंग घरी रोज ऐकायचं असतं. इथे व्यवहाराची अडचण येते. मोबाइल नातवाचा असतो, कानाला कमी ऐकू येतं म्हणून आवाज मोठा, आणि सगळ्या चाळीला ऐकू जातं. स्वस्तातला वेगळा रेकॉर्डर किंवा जुना फोन, कानावर बसणारे हेडफोन, आणि दुपारची ठरलेली वेळ हे आधी जमवून मगच घरचा अभ्यास द्यावा. झोपण्याआधी ऐकू नये.

## दुसऱ्या पद्धती कोणत्या? कुठली निवडावी?

कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी (सीपीटी): पॅट्रिशिया रेसिक यांची, साधारण १२ सत्रं. यात प्रसंगापेक्षा त्यातून मनात रुतून बसलेल्या विधानांवर काम होतं: 'माझंच चुकलं', 'कुणावर विश्वास ठेवायचा नाही', 'देवाने मला शिक्षा म्हणून जिवंत ठेवलं'. तक्ते भरावे लागतात. लिहिता न येणाऱ्यांसाठी तक्ता तोंडी चालतो. थेरपिस्ट लिहितो, मोठ्या अक्षरातली प्रत घरी जाते. अपराधगंड जास्त असेल तिथे ही पद्धत बरी.

ईएमडीआर: आठवण मनात धरून डोळ्यांच्या हालचाली किंवा आलटून पालटून टिचक्या, अशी आठ टप्प्यांची पद्धत. मोतीबिंदूची ताजी शस्त्रक्रिया किंवा दृष्टिपटलाचा त्रास असेल तर डोळ्यांच्या हालचालींऐवजी हातावर टिचक्या किंवा आवाज वापरतात. तपशिलात बोलायला संकोचणाऱ्यांना सोपी जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रौढांच्या पीटीएसडीसाठी आघातकेंद्री सीबीटीबरोबर (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारी थेरपी) हिचीही शिफारस केली.

नॅरेटिव्ह एक्स्पोजर थेरपी: आयुष्यात एकाहून जास्त घाव असतील तर ज्येष्ठांना ही सर्वांत जवळची वाटते, असं आमचं मत. जमिनीवर एक दोरी अंथरतात. एक टोक जन्म. चांगल्या प्रसंगांना फुलं, वाईटांना दगड, काळाच्या क्रमाने मांडायचे. दुसऱ्या टोकाची दोरी गुंडाळी करून ठेवतात, कारण आयुष्य अजून बाकी आहे. ती गुंडाळी कापू नका, पंचाऐंशीच्या माणसासमोरही. पुढच्या सत्रांमध्ये जन्मापासून क्रमाने एकेक दगड सविस्तर सांगायचा, थेरपिस्ट लिहून घेतो, पुढच्या वेळी वाचून दाखवतो, दुरुस्त्या होतात. शेवटी पूर्ण जीवनकथा हाती येते. जमिनीवर वाकणं कठीण, म्हणून दोरी टेबलावर मांडावी.

नुसती सहानुभूतीची गप्पा-सत्रं वाईट नाहीत, पण सहा महिने गप्पाच चालू असतील आणि मूळ प्रसंगाला हातच लागला नसेल, तर विचारायला हवं.

घटनेनंतर लगेच, एकाच बैठकीत सगळं बोलून घ्यायला लावणं उपयोगी नाही, उलट त्रासदायक ठरू शकतं. पूर किंवा दरड कोसळल्यानंतर पहिल्या दिवसांत हवी असते ती सुरक्षित जागा, औषधं, चष्मा, कवळी, माणसांचा ठावठिकाणा.

## वयामुळे सत्रांत काय बदलावं लागतं?

उपचाराचा गाभा बदलू नये, वेग बदलावा. ९० मिनिटं बसवत नसेल तर ६० मिनिटं किंवा मध्ये लघवीसाठी विश्रांती (लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ही सांगायची लाज वाटते, आपणच विचारावं). एका सत्रात एकच मुद्दा, शेवटी तो त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायचा, आणि मोठ्या अक्षरात एका कागदावर. वेळ सकाळची. पंखा-एसीचा आवाज बंद, चेहऱ्यावर उजेड असलेल्या जागी समोर बसायचं, म्हणजे ओठ दिसतात. श्रवणयंत्राची बॅटरी तपासायची.

आणि भाषा. आठवण ज्या बोलीत घडली त्याच बोलीत सांगू द्यावी. मालवणीत, अहिराणीत, कोकणीत बोलता बोलता माणूस प्रमाण मराठीत शिरला की बरेचदा तो प्रसंगापासून दूर सरकलेला असतो.

## हृदयविकार, रक्तदाब आहे. आठवणी काढून काही झालं तर?

आठवण सांगताना नाडी वाढते, घाम येतो. स्थिर रुग्णाला ते सहसा झेपतं; हाच माणूस दुःस्वप्नातून जागा होतो तेव्हा शरीराला तेच सोसावं लागतं, फक्त कुणी बघायला नसतं. पण नुकताच झटका येऊन गेला असेल, विश्रांतीतही छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, तर आधी फिजिशियनचा होकार घ्यावा. दम्याचा पंप, सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी) हाताशी ठेवावं. सत्राच्या दिवशी जेवण आणि मधुमेहाची औषधं वेळेवर. साखर उतरली की थरथर, घाम, घाबरं होणं हुबेहूब पॅनिकसारखंच दिसतं.

## तिसऱ्या सत्रानंतर त्रास वाढलाय. बंद करावं का?

काही जणांना आठवड्या-दोन आठवड्यांपुरता त्रास वाढतो. नेमकं इथेच लोक सोडतात, आणि घरचेही 'नको ते' म्हणतात. हे आधीच सांगून ठेवलेलं असावं. वेग कमी करता येतो, उतरंडीत दोन आणे खाली येता येतं. थांबावं तेव्हाच, जेव्हा जीव देण्याचे विचार येतात, दारू वाढते, जेवण सुटतं किंवा वास्तवाचं भान जातं.

## घरच्यांनी सत्रात बसावं का?

पहिलं सत्र, निदान त्यातला अर्धा वेळ, एकट्याने. साठ वर्षांपूर्वीचा अत्याचार एखादी बाई मुलासमोर कधीही सांगणार नाही, आणि सुनेला दुभाषी म्हणून बसवणं तर त्याहून वाईट. नंतर संमतीने घरच्या एकाला १५ मिनिटं बोलवावं. त्याचं काम एवढंच: ने-आण, अभ्यासाची आठवण, आणि जास्त मदत न करणं. 'तुम्ही नका झोपू आत, मी अंथरूण पडवीत घालते' ही माया असते, पण ती भीतीला खतपाणी घालते.

## झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू आहेत. त्याने भागत नाही का?

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम यांची पीटीएसडीसाठी शिफारस नाही. उतारवयात तोल जाऊन पडणं, खुब्याचं हाड मोडणं, विसरणं हे धोके वाढतात, आणि सत्राआधी घेतल्या तर शिकलेलं मनात ठरत नाही. मात्र वर्षानुवर्षांची गोळी एकदम बंद करू नये. फिट (आकडी) येऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवडे-महिने घेत हळूहळू उतरवतात.

सर्ट्रालीनसारखी नैराश्यावरची औषधं मानसोपचारासोबत चालतात. सुरुवात कमी मात्रेने, आणि काही आठवड्यांत सोडियमची तपासणी. पॅरॉक्सेटीन ज्येष्ठांना शक्यतो टाळतात. दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन दिलं असेल तर रात्री उठताना आधी पलंगावर बसावं, मग उभं राहावं. रक्तदाब उतरून पडण्याचा धोका असतो.

## जप, वारी, कीर्तन चालू ठेवावं का?

जरूर. माणसांत मिसळणं, चालणं, लय हे सगळं उपकारक आहे. फक्त एक्स्पोजर चालू असताना आठवण दाबण्यासाठी नामस्मरण सुरू झालं तर ते टाळणंच होतं. अभ्यास संपल्यावर माळ हातात घ्यावी. देव आहे की नाही, त्याने असं का केलं, या वादात थेरपिस्टने पडू नये.

## स्मृतिभ्रंश झालेला असेल तर?

सौम्य अवस्थेत आखूड सत्रं आणि आठवणीच्या चिठ्ठ्या यांच्या आधाराने प्रयत्न करता येतो. पुढच्या अवस्थेत आठवणींत शिरू नये, भोवताल बदलावा. पाठीमागून हात लावू नये, समोरून नाव घेऊन बोलावं. उठवताना हलवू नये, पायांशी उभं राहून हाक मारावी. रात्री मंद दिवा. अंघोळ घालताना ओरडणाऱ्या बाईचं कारण पाणी नसून कपडे उतरवणारा परका हात असू शकतो. बाई मदतनीस, अंगावर टॉवेल, एकेक अवयव, असं केलं की बराच फरक पडतो. युद्धाच्या आणि भूकंपाच्या बातम्या बंद.

## महाराष्ट्रात कुठे जायचं? काय विचारायचं?

जिल्हा रुग्णालयातला मानसिक आरोग्य कार्यक्रम, वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकार विभाग, आणि ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयं. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना. टेलि-मानस १४४१६ ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२पासून सुरू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही. ज्येष्ठांसाठी १४५६७. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण द्यायचं आहे. बाह्यरुग्ण सत्रांचा खर्च पॉलिसीत आहे का, ते मात्र नीट वाचावं.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा. मग थेट तीन प्रश्न: आघातासाठी कुठली पद्धत शिकलात? साधारण किती सत्रं? घरचा अभ्यास काय असेल? 'बघू, बोलत राहू' असं उत्तर आलं तर दुसरीकडे चौकशी करावी.

व्हिडिओ सत्रं चालतात. खोलीचं दार बंद हवं, आणि घराचा पत्ता व शेजाऱ्याचा नंबर थेरपिस्टकडे हवा. परदेशी मुलांकडे राहायला गेलेल्या आईवडिलांसाठी भारतातला थेरपिस्ट तिथे सत्र घेऊ शकतो का, हे त्या देशाच्या परवाना-नियमांवर ठरतं.

## तातडीने कधी हालचाल करावी?

'आता माझं काय राहिलंय' हे वाक्य वारंवार येऊ लागलं, माणूस कागदपत्रं आवरू लागला, गोळ्या न खाता साठवू लागला, तर सरळ विचारा: 'जीव द्यावासा वाटतो का?' विचारल्याने तो विचार डोक्यात येत नाही. गोळ्या आठवड्यापुरत्याच घरात ठेवा, कीटकनाशक आणि बंदूक घराबाहेर हलवा, एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या. वाटेत १४४१६ लावता येईल.

## बरं वाटतंय हे कशावरून ठरवायचं?

दर दोन-तीन सत्रांनी पीसीएल-५ पुन्हा. १० गुणांहून जास्त उतार पडला तर उपचार लागू पडतोय. सहा-आठ सत्रांत काहीच हललं नाही तर पद्धत, निदान किंवा घरचा अभ्यास यांपैकी एक तपासावं. बहुधा अभ्यासच होत नसतो. दुःस्वप्नं बरेचदा उशिरा जातात, नुसत्या त्यांवरून निष्कर्ष काढू नये.

त्या आजींच्या बाबतीत पाहायचं ते अंथरूण कुठे आहे आणि चपला कुठे आहेत. अंथरूण आत आलं पण चपला अजून पायाशी असतील, तर दोन-तीन सत्रं बाकी आहेत. संपल्यावर एक, तीन आणि सहा महिन्यांनी उजळणी, आणि पुढच्या गणपतीच्या आदल्या आठवड्यातलं एक सत्र आत्ताच डायरीत लिहून ठेवावं.